पोरगं दुबईला, व्याज म्हसवडला

२०२५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. वहिनी पासबुक घेऊन माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "भावजी, पोराच्या ठेवीचं व्याज वर्षाला १ लाख २० हजार झालं, त्यातले ३७ हजार ४४० बँकेनं कापले. काय गुन्हा केला त्यानं?" थोरल्या भावाच्या माघारी आलेली रक्कम पुतण्याच्या नावानं ठेवलेली आहे. तिच्या व्याजावर वहिनींचं औषधपाणी चालतं.

गुन्हा काही नव्हता. पुतण्या दुबईला नोकरीला लागला. नियमाप्रमाणं त्यानं बँकेला कळवलं आणि बँकेनं त्याचं खातं 'एनआरओ' केलं. परदेशी राहणाऱ्याची इथली मिळकत जमा होते ते हे खातं. त्यावरच्या व्याजातून बँक पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर कापते. दुसरं खातं 'एनआरई', तिकडची कमाई इकडं पाठवण्यासाठी. अनिवासी माणसाला त्याचं व्याज करमुक्त असतं. दोन्ही नावांत एका अक्षराचाच फरक, आणि त्यात पुष्कळ जण फसतात.

रेडिओवर फार आकडे सांगू नयेत म्हणतात, पण या विषयात इलाज नाही. पुतण्याचं भारतातलं उत्पन्न एवढंच, १ लाख २० हजार. २०२४-२५ या वर्षात नव्या पद्धतीनं ३ लाखांपर्यंत आणि जुन्या पद्धतीनं अडीच लाखांपर्यंत करच नव्हता. म्हणजे कापलेले सगळे पैसे परत मिळायला हवेत. पण ते आपोआप येत नाहीत, रिटर्न भरून मागावे लागतात. वर आणखी एक मेख आहे. वर्षात २५ हजार किंवा त्याहून जास्त कर कापला गेला असेल, तर उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरणं बंधनकारक आहे.

रिटर्न ऑनलाइन भरायला तासभर पुरतो. अवघड आहे ते त्याच्या आधीचं, म्हणजे माणूस निवासी की अनिवासी हे ठरवणं. पासपोर्ट कुठला आणि रेशनकार्डावर नाव आहे का, याच्याशी त्याचा संबंध नाही. एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात किती दिवस काढले, ते मोजायचं. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाचे त्या वर्षी इथं १८२ दिवस भरले, की तो निवासी. एप्रिलपासून सलग इथं असलेला माणूस २८ सप्टेंबरला निघाला तर १८१ दिवस होतात. त्यानंतर एक दिवस जरी थांबला, तरी हिशेब बदलला.

इथं मी स्वतः चुकलो. बाजारपेठेत पंचवीस वर्षं लोकांचे हिशेब लिहितो, आणि घरचाच हिशेब चुकला. पुतण्या २०२३ च्या डिसेंबरात गेला. सिद्धनाथाचा रथ ओढल्याशिवाय जाणार नाही, हा त्याचा हट्ट. मार्चअखेर तो दुबईत होता, म्हणून त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये मी त्याला अनिवासी दाखवलं. पण एप्रिल ते नोव्हेंबर इथंच २४४ दिवस झाले होते! त्या वर्षापुरता तो निवासी, आणि निवासी माणसाला जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं. दुबईत पगारावर कर नाही, पण तिथल्या पहिल्या काही महिन्यांच्या पगारावर इथं कर बसला. पुढं सुधारित रिटर्नची मुदत टळून गेल्यावर 'अद्ययावत' रिटर्न भरून कर, व्याज आणि त्यावर २५ टक्के जादा असं सगळं भरावं लागलं. वहिनींना हे मी बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तो तीन आठवडेच घरी होता, तेव्हा सरळ अनिवासी. अनिवासी माणसाला 'सहज' हा एक नंबरचा फॉर्म चालत नाही. व्याज, घरभाडं असं साधं उत्पन्न असेल तर दोन नंबरचा भरायचा. खात्याच्या संकेतस्थळावर पॅन हेच आपलं नाव. आत गेल्यावर आधी 'सव्वीस एएस' उघडून कापलेला कर तिथं जमा दिसतो का, ते बघावं. फॉर्ममध्ये राहण्याचा देश आणि तिथला करदाता क्रमांक विचारतात. परतावा ज्या खात्यात हवा, ते तिथं आधी प्रमाणित करून घ्यावं. पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळलं नाही तर गाडी तिथंच अडते.

आटपाडीकडच्या एकाची गाडी वेगळ्याच ठिकाणी अडली. त्याचं पॅनच निष्क्रिय झालं होतं. आधार जोडणीतून अनिवासी लोकांना सूट आहे, पण खात्याच्या दप्तरी तो निवासीच राहिला होता. पासपोर्टच्या प्रती पाठवून आपल्या प्राप्तिकर अधिकाऱ्याकडं ते दुरुस्त करून घ्यावं लागलं.

फॉर्म पाठवला म्हणजे काम झालं असं नाही. ३० दिवसांच्या आत पडताळणी लागते. पुतण्याच्या आधारचा मोबाइल नंबर वहिनींच्या फोनमध्ये. तो रात्री दुबईत संगणकासमोर, आणि इकडं वहिनी चष्मा लावून सहा आकडे वाचून दाखवताहेत. (हे आकडे पोटच्या पोराला सांगायचे, 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला नाही.) ज्यांना हे जमत नाही, त्यांनी पोचपावतीवर सही करून ती टपालानं बेंगळुरूला पाठवावी, मात्र तीही त्याच मुदतीत.

हल्ली मला एक प्रश्न हमखास येतो. १२ लाखांपर्यंत कर नाही ना? ती सवलत २०२५-२६ पासून आहे, पण निवासी लोकांना. अनिवासी माणसाची मर्यादा नव्या पद्धतीत ४ लाखच.

वहिनींचे पैसे आले, वर थोडं व्याजही. त्यांनी विचारलं, "परतच द्यायचे तर कापतात कशाला?" याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. कापणी कमी करता येते एवढं खरं. आपला आणि अमिरातीचा कर-करार आहे. तिथलं रहिवासी असल्याचं कर प्रमाणपत्र आणि 'दहा एफ' हा फॉर्म बँकेला दिला, की व्याजावर साडेबारा टक्केच कापतात. ते प्रमाणपत्र काढलं का, हे आता वहिनी दर रविवारी फोनवर विचारतात.