लेबलावरचे नाव

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे म्हणून आम्ही धाडहून मलकापूर गाठतो आणि तिथून रेल्वेने दादरला उतरतो. अभिवादन झाले, शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे स्टॉल पालथे घातले, की बरोबरची मंडळी परतीच्या गाडीला लागतात. आम्ही एक दिवस मागे राहतो. "साहेब चोर बाजारात चालले!" अशी थट्टा होते, आणि ती खरीच आहे. मुंबईच्या मटण स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्डची दुकाने आहेत. २०२४ साली ६ डिसेंबर शुक्रवारी आला. शुक्रवारी तिथली पक्की दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर जुना बाजार भरतो. म्हणून आम्ही शनिवारी गेलो.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. खाली-वर रेकॉर्डच रेकॉर्ड, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. सिनेमाच्या रेकॉर्ड नीट लावलेल्या, कारण गिऱ्हाईक त्यांचे. मराठी माल खाली, खोक्यात. त्यातही लावणी, नाट्यगीत, भक्तिगीत, भीमगीत सगळे एकात एक. आम्हाला ही सरमिसळच आवडते. शोधायला गेलो एक आणि हाती आले दुसरे, ही मजा यादी पाहून मागवण्यात नाही. दुकानदार स्टूल पुढे सारतो, चहा सांगतो आणि आपल्या कामाला लागतो. दोन तास बसा, कोणी उठवत नाही.

पूर्वी रेकॉर्ड लाखेच्या असत. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख. अशी रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला तीनेक मिनिटांचे गाणे मावे. हातातून पडली की तुकडे! पुढे विनाइल म्हणजे प्लास्टिकच्या आल्या. ७ इंची रेकॉर्ड बहुधा ४५ फेऱ्यांची, १२ इंची मोठी ३३ फेऱ्यांची. विकत घेताना ती उजेडात तिरपी धरून पाहावी. चरा दिसला तर त्यावरून हलकेच नख फिरवावे. नख अडले तर सुईही अडणार. ही परीक्षा आम्ही दुकानात शिकलो नाही, मामांकडे शिकलो.

आमचे मामा लाऊडस्पीकरवाले. लग्न असो की १४ एप्रिलची मिरवणूक, बांबूला भोंगा बांधून पहाटेच रेकॉर्ड लावायचे. पत्र्याच्या पेटीत शे-सव्वाशे रेकॉर्ड, प्रत्येकीच्या लेबलावर लाल शाईने नंबर. आम्ही पाच-सहा वर्षांचे असताना, म्हणजे १९८५-८६च्या सुमारास, कॅसेट आली आणि पेटी माळ्यावर गेली. पुढे कोणीतरी सांगितले की रेकॉर्ड कढत पाण्यात धरली तर वाकते आणि तिचा वाडगा होतो. आम्ही मामेभावंडांनी दिवाळीच्या सुट्टीत तेरा वाडगे केले, रंगवले, त्यात कागदाची फुले ठेवली. सगळ्यांनी कौतुक केले. मामांनीही केले. उरलेल्या रेकॉर्ड किलोवर गेल्या. त्यात काय काय होते याची यादी कोणी केली नाही. हे आम्ही केले आहे, दुसऱ्याला दोष देता येत नाही.

काळाघोड्याजवळ १९४८ साली सुरू झालेले ऱ्हिदम हाऊस होते. कॉलेजात असताना एकदा त्याच्या काचेच्या दाराशी आम्ही बराच वेळ घुटमळलो. शेवटी आत गेलो तर कोणी काही म्हटले नाही. भीती आमच्याच मनात होती. ते दुकान २०१६ साली बंद झाले. इकडे अमेरिकेत २०२२ साली विनाइल रेकॉर्ड सीडीपेक्षा जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. म्हणजे वस्तू मेली नाही. तरीही आमचे वेड आवाजासाठी नाही, आमच्याकडे मशीनसुद्धा नाही.

आमचे वेड लेबलासाठी आहे. मोबाईलवर भीमगीत येते, सोबत गायकाचा फोटो येतो. गीत कोणी लिहिले ते बहुतेक वेळा कळत नाही. वामनदादा कर्डकांचे नाव तरी लोकांना ठाऊक आहे. बाकी कितीतरी कवी गिरणीत, गोदीत, शेतात राबून लिहीत होते. त्यांची गाणी राहिली, नावे गळाली. रेकॉर्डच्या गोल कागदावर मात्र गायक, गीतकार, संगीतकार अशी नावे छापलेली असत. नावाचे हे महत्त्व जुनेच. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा रेकॉर्ड जर्मनीत बनत. तिथल्या कामगारांना गायिका कोण ते कळावे म्हणून त्या गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगत.

तर त्या शनिवारी 'भक्तिगीत' लिहिलेल्या खोक्यात, विठ्ठलाच्या गाण्यांमध्ये, प्रल्हाद शिंदे यांची ७ इंची भीमगीतांची रेकॉर्ड सापडली. चूक म्हणावी तरी कशी? शिंदे यांनी दोन्हीकडची गाणी तेवढ्याच ताकदीने गायिली. वरचे पाकीट भलत्याच सिनेमाचे. लेबलावर कुणा स्पीकरवाल्याने ३७ नंबरची चिठ्ठी डकवलेली, नेमकी गीतकाराच्या नावावर. दुकानदाराने ४०० सांगितले, ३०० ला दिली. घरी काय सांगायचे याचा विचार आम्ही गाडीत केला.

धाडला आल्यावर मामांकडे गेलो. "काहून आणली रे? वाजवशीन कशावर?" ते म्हणाले. मग चष्मा लावून ओल्या फडक्याने चिठ्ठी भिजवत बसले. अर्ध्या तासाने ती सुटली. नाव निघाले. ते गाणे मामा आयुष्यभर वामनदादांचे समजत होते. ते दुसऱ्याच कुणाचे निघाले, आणि ते नाव विहारात जमणाऱ्या जुन्या माणसांपैकीही कोणाच्या ओळखीचे नव्हते. कवीच्या घरचे कोणी सापडते का ते आधी पाहावे म्हणून नाव इथे छापत नाही. आपल्या माळ्यावर अशा रेकॉर्ड असतील तर लेबलावरची सगळी नावे वहीत उतरून आम्हाला कळवा. फुटलेलीही चालेल.

बुलडाण्याच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे जुने मशीन आहे. पट्टा मिळाला, सुई अजून यायची आहे. तोवर रेकॉर्ड मामांच्या उशाशी आहे. पुसायला आम्ही मखमलीचे फडके दिले, पण ते धोतराच्या सोग्यानेच पुसतात, आणि पुसून झाले की लेबल वाचतात.