जोत्याखालचं चाक

मे महिना संपत आला की शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावकडे जाताना माझी नजर आपोआप छपरांवर जाते. पत्र्यावर, कौलांवर, नुकत्याच अंथरलेल्या निळ्या ताडपत्रीवर टायर मांडलेले असतात. मोटरसायकलचे बारीक, रिक्षाचे बुटके, जीपचे रुंद. कुठे दोन टायर दोरीने जोडून आढ्यावरून दोन्ही पाख्यांवर खोगिरासारखे टाकलेले. पूर्वी तिथे दगड असायचे. पण दगड घरंगळतो, कौल फोडतो, ताडपत्रीला भोक पाडतो. टायर रबराचा, जिथे ठेवला तिथे बसून राहतो. हे कोणी शिकवायला आलं नव्हतं. माळशेज आणि कसाऱ्याच्या पायथ्याशी पसरलेल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या वाड्यावाड्यांनी ते आपलं आपण शोधलं.

तरीही मला वाटतं, तो टायर चुकीच्या जागी ठेवला जातो. तो घराच्या डोक्यावर नको, पायाशी हवा.

यामागे साधा हिशेब आहे. वळवाच्या वादळात वारा ताशी १०० किलोमीटरने सुटला, तर त्याचा जोर दर चौरस मीटरला साधारण ४७ किलोचा होतो. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पत्र्याला तो सव्वाशे किलोच्या आसपास उचलायला बघतो. त्या पत्र्यावरच्या कारच्या रिकाम्या टायरचं वजन असतं सात-आठ किलो. तो पत्र्याची थरथर थांबवतो, त्यामुळे खिळे सैल व्हायला वेळ लागतो, एवढा त्याचा उपयोग खरा आहे. पण मोठ्या वादळात पत्र्याबरोबर टायरही उडतो, आणि उडालेला टायर कोणाच्या अंगावर पडेल याचा नेम नसतो. आता तोच टायर जमिनीवर ठेवा आणि त्यात मुरूममाती ठासून भरा. त्याचं वजन १३० किलोवर जातं. छपराला जे वजन हवं असतं, ते टायरला माती पोटात घेतल्यावर येतं. घराच्या चार कोपऱ्यांना असे चार टायर जमिनीत पुरून छपराचे वासे जाड तारेने त्यांना बांधले, तर वर मांडलेल्या वीस टायरांपेक्षा त्यांचा आधार मोठा.

टायरची इथे वाण नाही. शहापूर तालुका मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. कसारा घाट उतरून आलेले ट्रक खर्डी, आटगाव, आसनगाव ओलांडून भिवंडीकडे जातात. मुरबाडमधून कल्याणचा रस्ता माळशेज घाट चढून नगरकडे जातो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच गेला. या रस्त्यांवरच्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या टपरीमागे गोटा झालेल्या टायरांचा ढीग असतो. त्यातले बरे टायर रिमोल्डला जातात. काहींच्या चपला होतात. ट्रकच्या जुन्या ट्यूबवर बसून कातकरी माणसं भातसा आणि बारवीच्या पाण्यात जाळी टाकतात. उरलेले भंगारात जातात. भंगारातून त्यांची वाट बहुतेक वेळा भट्टीकडेच जाते. शेजारच्या वाडा तालुक्यात टायर बंद भट्टीत तापवून तेल काढणारे कारखाने आहेत. त्या धुराची आणि काजळीची तक्रार तिथली गावं वर्षानुवर्षं करत आली आहेत.

टायरचं दुसरं काही करणं अवघड का, याचं कारण त्याच्या जन्मातच आहे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने रबर आणि गंधक एकत्र तापवलं, तेव्हा उन्हाळ्यात चिकट होणारं आणि थंडीत तडकणारं रबर टिकाऊ झालं. पण ती गाठ एकदा बसली की सुटत नाही. लोखंड वितळवून पुन्हा लोखंड मिळतं, काचेची पुन्हा काच होते. टायर वितळत नाही, तो जळतो. म्हणून त्याला टायर म्हणूनच वापरणं सगळ्यात शहाणपणाचं.

आणि टायर म्हणून तो काय करतो? आतून बाहेर रेटणाऱ्या दाबाला आवळून धरतो. कारच्या टायरमध्ये तीस पौंड हवा, ट्रकच्या टायरमध्ये शंभरावर. वर्षानुवर्षं तो हा दाब सोसतो, वर गाडीचं ओझं आणि खाली खड्डे. त्याच्या दोन्ही ओठांत पोलादी तारेचं कडं असतं, अंगात नायलॉनचे किंवा पोलादाचे धागे. हवेऐवजी माती भरली तर त्याच्या दृष्टीने काम तेच राहतं, आणि सोपंही होतं. मातीला कोणी आवळून धरलं की ती दगडासारखी वागते. म्हणून टायरची भिंत म्हणतात ती खरं तर मातीची भिंत. टायर हा तिचा साचा, जो काढायचा नसतो.

अशी एक भिंत मी मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीत उभी राहताना पाहिली. माळशेजच्या रस्त्यापासून आत, उतारावर वसलेली वाडी. घर कुडाचं होतं. मेढी रोवून कारवीच्या काठ्या बांधलेल्या, वर शेणमातीचा हात. घराला जागा करायला मागचा उतार कापलेला, आणि त्या कापलेल्या दरडीची माती दर पावसाळ्यात थोडी थोडी मागच्या पडवीत येत होती. घरातलं जोडपं आठवड्यापूर्वीच वीटभट्टीवरून परतलं होतं. दिवाळीनंतर भट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, हे कातकरी कुटुंबांचं ठरलेलं चक्र. भट्टी सुटल्यापासून मृग लागेपर्यंतचे थोडे दिवस तेवढे स्वतःच्या घराचे. कल्याण-भिवंडीच्या इमारतींसाठी हजारो विटा थापलेले हात त्या दिवसांत स्वतःची भिंत सावरतात.

या हातांना माती कळते, आणि या कामात सगळं त्यावरच अवलंबून असतं. घरधनी दादांनी ढिगातली मूठभर मुरूममाती घेतली, थोडं पाणी शिंपडून घट्ट आवळली आणि गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. गोळ्याची भुकटी झाली. म्हणजे माती कोरडी. आणखी पाणी मारलं. दुसरा गोळा पडून तसाच चपटा राहिला, म्हणजे पाणी जास्त. त्यात कोरडी माती मिसळली. तिसरा पडला तेव्हा त्याची चार-पाच ढेकळं झाली. "आता दबंल," ते म्हणाले. मी विचारलं, "दादा, ओली जास्त असली तर काय होतं?" "घण मारला की नुसती डुलते. बसत नाय." प्रयोगशाळेत मातीचा योग्य ओलावा काढायला यंत्र आणि तराजू लागतो. गावातल्या बांधकामाला तो मुठीत सापडतो.

मग पाया. वरची भुसभुशीत माती काढून मुरूम लागेपर्यंत खणलं, लाइनदोरी लावली आणि पहिला थर पाणसळीत मांडला. टायरच्या पोटातल्या भोकावर सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा तुकडा अंथरला, म्हणजे माती खाली गळत नाही. एका टायरला आठ-दहा घमेली माती लागते, बघून विश्वास बसत नाही एवढी. ती एकदम ओतायची नाही. दोन घमेली टाकायची, हाताने ओठांखाली चारी बाजूंनी कोंबायची, मग घणाने आतून बाहेर ठासायची. घण मारणारा टायरवर उभा राहून गोल फिरतो, एका जागी दोनदा मारत नाही. कडा भरत जातात तसा टायर फुगतो आणि आवाज बदलतो. आधी पोकळ ढप्, मग जड, शेवटी दगडावर आपटल्यासारखा टणक. तो आवाज आला की मधला खड्डा भरून धुम्मस मारायचं. टाचेने दाबून पाहायचं. टाच रुतली तर परत घण.

दुसरा थर सांधेमोड करून, विटांसारखाच. पण प्रत्येक थर खालच्यापेक्षा दोन बोटं डोंगराकडे सरकवून, म्हणजे भिंत दरडीवर रेलते. वीस फूट लांब आणि चार फूट उंच भिंतीला साधारण पासष्ट टायर लागले. माती भरल्यावर त्यांचं वजन साडेआठ टनांच्या घरात. जोडीला दिवसभरात वीसेक टायर झाले तरी खूप, कारण हे काम खांदे आणि कंबर पिळून काढतं. टायर फुकट मिळतात म्हणून ही भिंत स्वस्त, असं म्हणणाऱ्याने एक दिवस घण उचलून पाहावा. तिची खरी किंमत श्रमांची आहे, आणि ती मोजली गेली पाहिजे.

टायरांमधल्या तिकोनी फटींत दगडगोटे आणि चिखल भरणं आणि वरून लिपण करणं घरातल्या ताईंकडे होतं. लिपण सुंदर दिसावं एवढ्यासाठीच नसतं. उन्हाने रबर तडकतं, झाकलं की फार काळ टिकतं. पण या सगळ्याहून महत्त्वाचं काम भिंतीच्या मागे होतं, जे पुरं झाल्यावर दिसतच नाही. भिंत आणि दरड यांच्यामध्ये हातभर जागा सोडून त्यात नुसते गोटे भरले, आणि तळाशी पाइपचे तुकडे घालून पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवली. डोंगराची माती भिंत पाडत नाही, मातीत तुंबलेलं पाणी पाडतं. ज्यांनी भातखाचरांचे बांध घातलेत त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. बांधाला मोरी ठेवतात तशी इथेही ठेवली.

जगात हे काम मोठ्या प्रमाणावर झालं आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत ताओसजवळ मायकेल रेनॉल्ड्स नावाच्या वास्तुविशारदाने १९७० च्या दशकापासून टाकाऊ डबे, बाटल्या आणि माती भरलेले टायर यांची घरं बांधायला घेतली. त्यांना त्याने 'अर्थशिप' नाव दिलं. २००४ च्या त्सुनामीनंतर तो अंदमानातही येऊन असं घर बांधून गेला. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात अभियंत्यांनी टायर आणि मातीचे थर एकावर एक रचून रस्त्याकडेच्या संरक्षक भिंती उभ्या केल्या, त्या पद्धतीला 'प्न्यूसॉल' म्हणतात. आपल्याला यातलं फ्रेंच अंग जास्त उपयोगाचं. ताओसला हवा कोरडी, रात्र कडाक्याची. तिथे दोन फूट जाडीची भिंत दिवसाची ऊब रात्रीसाठी साठवते. शहापूर-मुरबाडच्या दमट उन्हाळ्यात साठलेली ऊब रात्री घरात कोणाला हवी आहे? इथल्या हवेला कुडाची श्वास घेणारी भिंतच योग्य. म्हणून सबंध घर टायरचं बांधायच्या मोहात पडू नये. जोतं, ओट्याच्या पायऱ्या, मागची दरड, ओढ्याकडेचा बांध, ही टायरची जागा.

चार-पाच फुटांपेक्षा उंच दरडीला हा उपाय नाही, हेही स्पष्ट लिहायला हवं. मुरबाडच्या डोंगरापलीकडे आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं. जुलै २०२३ मध्ये रायगडातली इर्शाळवाडी गेली. डोंगरच सरकतो तेव्हा कुठलीही घरगुती भिंत तो अडवू शकत नाही. तिथे वाडीचं वेळेवर आणि सन्मानाने पुनर्वसन करणं हेच काम, आणि ते सरकारचं.

टायर घरात आणताना दोन गोष्टींची काळजी प्राणपणाने घ्यावी. एक पाणी. छपरावरच्या रिकाम्या टायरमध्ये पावसाचं पाणी साठतं आणि त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला एशियन टायगर नावाचा असाच एक डास सापडला, तो जुन्या टायरांतून आशियातून गेलेला. टायर छपरावर ठेवायचाच असेल तर त्याला चार भोकं तरी पाडावीत. माती ठासलेल्या टायरमध्ये मात्र डासाला जागाच उरत नाही. दुसरी गोष्ट आग. १९८३ मध्ये व्हर्जिनियात टायरच्या एका ढिगाला लागलेली आग नऊ महिने धुमसत होती. भरलेल्या आणि लिंपलेल्या टायरला हवा मिळत नाही, तो सहजासहजी पेटत नाही. पण काम संपल्यावर उरलेला ढीग घराशेजारी ठेवू नये. आणि विहिरीच्या काठाला, पिण्याच्या पाण्याजवळ टायर वापरूच नये. रबरातली रसायनं पाण्यात उतरतात.

कातकरी कुटुंबांना पीएम-जनमन योजनेतून घरकुलासाठी दोन लाख मिळतात, प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात एक लाख वीस हजार. चार भिंती आणि छप्पर उभं करतानाच ही रक्कम आटते. मागची दरड तशीच राहते, आणि नवं पक्कं घरही तिच्याच पायाशी उभं राहतं. २०२२ च्या नियमांनी टायर बनवणाऱ्या कंपन्यांवर वापरून झालेल्या टायरांच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली आहे. टायरपासून काढलेल्या तेलाच्या आणि भुकटीच्या हिशेबात एक रकाना अशा भिंतींचा असावा, असं मला मनापासून वाटतं. तालुक्याच्या अभियंत्याने एक नमुना आखून द्यावा, ठासायच्या श्रमांना रोजगार हमीची मजुरी मिळावी. वाडीला बाकीचं येतं.

जुलैत पुन्हा त्या वाडीत गेलो. आठवडाभर धार तुटली नव्हती. भिंत जागची हलली नव्हती, लिपण एका कोपऱ्यात धुपलं होतं आणि काळं रबर दिसत होतं. तळाच्या चार पाइपांपैकी तिघांतून स्वच्छ पाणी येत होतं. चौथा कोरडा होता. दादांनी कुडातून उरलेली कारवीची लांब काठी आणली, ओणवे होऊन पाइपात घातली आणि दोन-तीनदा मागेपुढे केली. आत काहीतरी सुटलं. आधी तांबडा गाळ आला, त्यामागून पानं, मग पाणी.