‘झाडपालाच तर आहे, अपाय काय होणार?’

हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. मधुमेहाची गोळी अर्ध्यावर आणून सकाळी सदाफुलीची फुलं चावणारे काका, बागेच्या फाटकाशी दुधीच्या रसाचा पेला रिकामा करणारे लोक, दर साथीत व्हॉट्सॲपवर फिरणारी गुळवेलीच्या काढ्याची कृती, या सगळ्यांच्या मुळाशी हेच वाक्य असतं. ते साफ चूक आहे आणि माणसं त्याची किंमत यकृताने, कधी जिवाने मोजतात. म्हणून ते पुन्हा पुन्हा खोडून काढावं लागतं.

सदाफुलीचंच बघू. मधुमेहावर ती चालते, असं अनेक देशांतली लोकवैद्यकं सांगत आली. त्याची शहानिशा करण्यासाठी १९५० च्या दशकात जमैकातून आलेली पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत तपासली गेली. उंदरांची साखर फारशी हलली नाही. मात्र अर्क टोचलेल्या उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि साध्या जंतुसंसर्गाने ते मरू लागले. या मरणांचा माग काढताना विनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध सापडलं. त्याचंच भावंड असलेलं विनक्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. ते देताना डॉक्टर डोळ्यांत तेल घालून असतात, कारण त्याने हातापायांच्या नसा दुखावतात आणि चुकून पाठीच्या मणक्यातल्या द्रवात गेलं तर रुग्ण सहसा वाचत नाही.

एक ग्रॅम विनब्लास्टिन मिळवायला सुमारे अर्धा टन वाळलेली पानं लागतात. म्हणजे दोन फुलं चावून कुणी मरत नाही, हे मान्य. पण रोज चावणाऱ्याच्या पोटात किती अल्कलॉइड जातात, हे त्याला ठाऊक नसतं आणि सांगणाऱ्यालाही नसतं. शिवाय गोळी अर्ध्यावर आणल्यामुळे साखर वाढत राहते, ते वेगळंच.

मुळात वनस्पती ही रसायनं आपल्यासाठी तयार करत नाहीत. तंबाखूचं पान अळीने कुरतडलं की झाडाच्या मुळांत निकोटिन जास्त बनू लागतं आणि ते पानांपर्यंत पोचतं, अळीला मारण्यासाठी. जो रेणू अळीच्या मज्जासंस्थेत घुसतो, तो माणसाच्याही घुसतो. शरीरावर खरोखर परिणाम करणारं कोणतंही द्रव्य फक्त हवा तेवढाच आणि हवा तिथेच परिणाम करील, असं होत नाही. मग ते कारखान्यातून आलेलं असो की कुंडीतून.

याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या सह्याद्रीत उभा आहे. नरक्या नावाच्या झाडात कॅम्पटोथेसिन असतं, हे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून प्रसिद्ध केलं. हे द्रव्य त्याआधी वॉल आणि वानी यांना एका चिनी वृक्षात सापडलं होतं. ते अगदी नैसर्गिक. पण अमेरिकेत रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, अस्थिमज्जा खालावली आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूत फेरफार केले, तेव्हा कुठे १९९६ मध्ये टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन ही औषधं अमेरिकेत मान्य झाली. म्हणजे इथे निसर्गातलं मूळ द्रव्य जास्त घातक होतं आणि प्रयोगशाळेत बदललेलं वापरण्याजोगं ठरलं. ‘नैसर्गिक तेवढं सुरक्षित’ म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावाच. आणि औषधी म्हणून नाव झाल्यावर सह्याद्रीतला नरक्या चोरून, पुष्कळदा मुळासकट तोडला गेला, तो अपाय झाडाच्या वाट्याला आला.

आता दुधी. काकडी, दुधी, दोडका या कुळातल्या रानटी वेलींची फळं कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे कडूजहर असतात. शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या गोड फळांचं बी राखून तो कडवटपणा घालवला, तरी एखाद्या फळात तो पुन्हा डोकं वर काढतो. भाजीत कडू दुधी पहिल्या घासाला कळतो आणि ताट बाजूला सरकतं. रस मात्र ‘कडू म्हणजे गुणकारी’ असं म्हणत नाक दाबून पितात. मग उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं. २०१८ मध्ये पुण्यात एका महिलेचा दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याआधीच, २०१२ साली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. रस काढण्यापूर्वी फोड चाखा, कडू लागली तर दुधी फेकून द्या, आणि प्यायल्यावर मळमळलं तर थेट रुग्णालय गाठा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. या विषावर उतारा नाही.

गुळवेलीचा वाद अजून धुमसतो आहे. कोविडच्या काळात काढा घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास छापला. मंत्रालय गुळवेल सुरक्षित असल्याचं म्हणतं. पण मंत्रालयाचाच मुद्दा धरला, तरी कुंपणावरून वेल तोडून आणणाऱ्याने ती नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं?

इथे कुणी तरी आयुर्वेदाचा अपमान झाल्याची तक्रार करतं. झाडपाल्याने अपाय होत नाही, असं आयुर्वेद कुठेच म्हणत नाही. बचनाग, कुचला, बिब्बा यांचं शोधन केल्याशिवाय ते वापरू नयेत, हा त्याचाच दंडक आहे. आणि बिब्बा उतला की अंगाचं काय होतं, हे खेड्यातल्या आजीला कुणी सांगावं लागत नाही. भारताच्या औषध नियमांच्या ‘ई-१’ या अनुसूचीत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादीच दिलेली आहे. निर्धोकपणाचा दावा शास्त्राचा नाही, विक्रेत्यांचा आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. पिंपळ आणि तुळस रात्री ऑक्सिजन सोडत नाहीत. त्याला उजेड लागतो. कोरफडीसारख्या काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात, पण ऑक्सिजन त्याही दिवसाच सोडतात. कडू चवीने रक्तातली साखर उतरत नाही. कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते, हे नासाच्या १९८९ च्या बंद पेट्यांतल्या प्रयोगावरून पसरलं. २०१९ च्या एका फेरआढाव्यानुसार साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. ज्येष्ठमध घशाला बरं वाटतं, पण रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं.

तेव्हा एवढं करा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा गोळ्यांच्या यादीत काढे, चूर्णं आणि रसही लिहा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आवर्जून लिहा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. आणि डॉक्टरहो, तुम्ही विचारत चला.