बाबूरावचे गॅरेज, कबीराचे नाव

‘हेरा फेरी’ ३१ मार्च २००० रोजी प्रदर्शित झाला. आमच्या वर्गातल्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी बारामती-इंदापूर एस.टी.त मागच्या बाकावरची पोरे बाबूरावच्या आवाजात बोलतात, आणि ईदच्या दुपारी शीरखुर्मा झाल्यावर कितीतरी घरांत हाच सिनेमा लागतो.

गोष्ट सर्वांना पाठ आहे. राँग नंबरमुळे खंडणीचा फोन भलत्याच घरी येतो आणि तिथले तीन कडके लोक मध्ये घुसून दुप्पट रक्कम मागतात. यात बाबूराव गणपतराव आपटे मराठी आहे, खडकसिंग शीख आहे. खंडणी मागणारा कबीरा. तो कोणत्या धर्माचा, हे सिनेमा सांगत नाही. कबीर हा अरबी शब्द, अल-कबीर हे अल्लाहच्या नावांपैकी एक; आणि संत कबीर तर वारकऱ्यांनाही आपलेच वाटतात. मग कबीरा ‘त्यांच्यातला’ हे ठरवले कुणी? बहुधा पाहणाऱ्यांनीच.

हे आम्हाला एका शाळेच्या स्नेहसंमेलनात उमगले. मुलांना या सिनेमावर छोटे प्रहसन करायचे होते. कबीरा कोण होणार, असे विचारताच हात वर व्हायच्या आत सगळा वर्ग एका मुलाकडे वळला. वर्गात तो एकटाच मुसलमान. कुणाच्या मनात वाईट नव्हते, तोही हसतच उभा राहिला. तेच आम्हाला जास्त लागले.

मूळ सिनेमा पाहिला तर गंमत कळते. ‘हेरा फेरी’ हा १९८९ च्या ‘रामजी राव स्पीकिंग’ या मल्याळम सिनेमाचा रिमेक. तो सिद्दीक आणि लाल या जोडीने केला. एक मुसलमान, दुसरा ख्रिस्ती. दोघेही ज्या फाजिल यांच्या हाताखाली शिकले, तेही मुसलमान. तिथे बाबूरावच्या जागी मन्नार मथाई हा नाटक कंपनी चालवणारा ख्रिस्ती गृहस्थ आहे. आणि खलनायकाचे नाव रामजी राव! आपल्याकडे हे नाव कानाला किती घरचे वाटते. केरळात मात्र ते परक्या मुलखातले. म्हणजे गोष्ट तीच, फक्त भीतीचे नाव प्रत्येक ठिकाणी बाहेरून आणलेले.

खडकसिंगावरही लोक हसतात. पण त्याच्याकडे कारण आहे: बहिणीचे लग्न ठरले आहे आणि श्यामला दिलेले पैसे परत हवे आहेत. त्याचा राग पटतो. कबीराला ना घर, ना बहीण, ना उधारी. पडद्यावर नुसते दिसणे आणि माणूस म्हणून दिसणे यात हाच फरक आहे, असे आम्हाला वाटते. नेक, नमाजी पात्र एखाद्या प्रसंगापुरते आणून बसवले तरी तो भरून निघत नाही. आपल्यालाही कडके, लोभी, वेंधळे आणि तरीही लाडके व्हायचा हक्क हवा.

आणि ते गॅरेज! बारामती किंवा इंदापुरात गाडी बिघडली की पाना घेऊन येणारा अनेकदा आपलाच कुणी चाचा नाहीतर मामू असतो. सिनेमात मात्र स्टार गॅरेजचे मालक आपटे.

त्या मुलाला आम्ही बाजूला घेऊन विचारले, तुला काय व्हायचंय? तो म्हणाला, “बाबूराव.” बाबूराव साकारणारे परेश रावल गुजराती, कबीरा झालेले गुलशन ग्रोव्हर पंजाबी. मग मराठी शाळेत वाढलेल्या आपल्या मुलाने आपटे का होऊ नये? त्याच्या अम्मी मात्र घाबरल्या. “सर, धोतर नेसून उभा राहिला तर कुणी काही म्हणणार नाही ना? इकडचे, तिकडचे?” आम्ही मुख्याध्यापकांशी बोललो, मग त्यांच्याशी. जाड भिंगांचा चष्मा त्याच्या दादांचाच निघाला. कबीरा झाली वर्गातली एक मुलगी, आणि तिने फोनवर असा दम दिला की पहिल्या रांगेतली लहान मुले दचकली.

यंदा मुलांना स्वतःचे प्रहसन लिहायचे आहे. गॅरेज ठरले आहे, मालक कोण यावर वाद चालू आहे. वाचकांपैकी कुणाचे गॅरेज असेल आणि तिथे राँग नंबरचा एखादा किस्सा घडला असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर लिहून पाठवा. मुलांना तो हवा आहे.