पायोरिया आणि हृदयविकार: नातं किती, कारण किती?

दात घासताना रक्त येत असेल तर हृदय सांभाळा, अशा मथळ्याची बातमी अधूनमधून येते. तिच्यामागे खरं संशोधन आहे. १९८९ साली फिनलंडमध्ये हृदयाचा झटका आलेल्या रुग्णांचे दात-हिरड्या इतरांपेक्षा जास्त बिघडलेल्या आढळल्या. पुढे इतर देशांतही तसंच दिसलं. पण दोन आजार एकाच माणसात सापडले म्हणून एकामुळे दुसरा झाला असं ठरत नाही.

समजा, अशी पाहणी कोकणातल्या जयगड बंदरात केली. रात्रभर जाळी ओढणारा खलाशी झोप उडावी म्हणून गालात तंबाखू धरतो, मधूनच विडी पेटवतो. घरात कुणी तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, चुरून मशेरी करतं आणि सकाळी ती बोटाने हिरड्यांवर चोळतं. विडीने हिरड्या दात सोडतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्याही बिघडतात. मग झटक्याचा दोष पायोरियाला, म्हणजे हिरड्यांच्या या आजाराला द्यायचा की तंबाखूला? वाढतं वय, मधुमेह आणि गरिबीही असाच घोळ घालतात. सुजलेल्या हिरड्यांतले जंतू रक्तात उतरतात, शरीरातला दाह वाढतो, हे खरं. तरीही अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळे पुरावे तपासून सांगितलं: संबंध दिसतो, कारण सिद्ध झालेलं नाही.

खरी कसोटी उपचारांची: हिरड्या बऱ्या केल्या तर दुसरा त्रासही कमी होतो का? पायोरियाचं नातं अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी आणि मधुमेहाशीही जोडलं जातं. अमेरिकेत ८२३ गर्भवतींवर झालेल्या चाचणीत (२००६) हिरड्यांच्या उपचारांनी अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी झाली नाहीत. मधुमेहात मात्र चित्र आशादायक आहे. २०१३ च्या मोठ्या चाचणीत हिरड्यांच्या उपचारांनी साखर उतरली नव्हती. पण २०२२ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ३५ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं माप) सरासरी ०.४३ टक्के-अंकांनी उतरलेलं दिसलं. उलट, साखर वाढलेली राहिली तर हिरड्याही लवकर खराब होतात.

म्हणून मधुमेह असेल तर दातांच्या डॉक्टरांकडून कीटण काढून घ्या, हिरड्या तपासून घ्या; साखरेची, रक्तदाबाची औषधं मात्र चालूच ठेवा. मशेरी, तंबाखू, विडी सोडाच. त्यात हिरड्या आणि हृदय या दोघांचंही भलं आहे. हृदयाचा प्रश्न अजून सुटायचा असला तरी पायोरिया धडधाकट माणसाचे दात पाडतो, हे निर्विवाद आहे. उपचारासाठी तेवढं कारण पुरेसं आहे.