डीपीचा हुंकार आणि एटीआरचा सूर

२७ एप्रिल २०१७ला 'उडान' योजनेतलं नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं. ट्रूजेट या विमान कंपनीचं ते एटीआर ७२, दोन प्रोपेलरचं. ट्रूजेट आता उडत नाही. पण भोकरमध्ये बसून एखादं पोरगं तेच विमान नांदेडच्या धावपट्टीवरून उचलू शकतं. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये २०२३ला एटीआर आलं. बरा संगणक हवा, आणि हेडफोन तर हवाच. कारण खरी गंमत कानात आहे.

टेकऑफच्या वेळी एटीआरचा प्रोपेलर मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. पाती सहा. हवेला सेकंदाला १२० तडाखे बसतात आणि कानाला १२० हर्ट्झचा सूर लागतो. वर चढताना वैमानिक फेरे ८२ टक्क्यांवर आणतो: ९८४ फेरे, सूर साधारण ९८ हर्ट्झ. आता गंमत बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर हुंकारतो. भर दुपारी डीपीखालून जाताना ऐकू येतो तो जवळजवळ एटीआरचाच सूर!

मग हा आवाज एकदा रेकॉर्ड करून सिम्युलेटरमध्ये वाजवला की झालं? नाही. समजा, एका बाजूचे फेरे मिनिटाला दहाने उतरले. दोन सुरांत एका हर्ट्झचा फरक पडतो आणि घुमणं सेकंदाला एकदा चढतं, उतरतं. दोन्हीकडे एकच फाइल वाजत असेल, तर हा झोका कधीच यायचा नाही. म्हणून चांगला कारागीर वेगवेगळ्या फेऱ्यांवरचे तुकडे घेतो, ते एकमेकांत मिसळतो आणि प्रत्येक इंजिनाचा आकडा त्याच्या आवाजाला स्वतंत्र जोडतो.

माझा सगळ्यात आवडता आवाज मात्र जमिनीवरचा. एटीआर उभं असताना उजवं इंजिन चालू, पण त्याचा प्रोपेलर ब्रेक लावून थांबवलेला असतो. विमानाला वीज आणि हवा मिळावी म्हणून केलेली ही सोय. तिचं नाव 'हॉटेल मोड'. हे जमतं कसं? इंजिनाचा गाभा आणि प्रोपेलर फिरवणारं टर्बाइन यांना जोडणारा दांडाच नसतो, मध्ये फक्त तापलेला वायू. त्यामुळे नुसती बारीक शीळ ऐकू येते. ब्रेक सुटला की पाती फिरू लागतात आणि त्या शिळेखाली जाड घुमणं चढत जातं.

स्टार एअरचं एम्ब्रेअर १७५ नांदेडला येतं, त्याची तऱ्हा वेगळी. जेटची इंजिनं पंखांखाली, कॉकपिटच्या बरीच मागे. वैमानिकाला मुख्यतः काचेवरून घासत जाणारा वारा आणि उपकरणं थंड ठेवणारे पंखे ऐकू येतात. कॉकपिटमध्ये इंजिनाची डरकाळी ठासून भरणारे हौशी कलाकार तिथेच फसतात.

वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या सर्वोच्च दर्जाच्या, 'लेव्हल डी' सिम्युलेटरमध्ये तर आवाजाचीही परीक्षा असते. अमेरिकी नियमांनुसार ५० हर्ट्झपासून १६ हजार हर्ट्झपर्यंतच्या प्रत्येक पट्ट्यात आवाज खऱ्या विमानाच्या पाच डेसिबलच्या आत बसावा लागतो. पाऊस हवा, वायपरही हवेत. विमान वेडंवाकडं आदळलं तर त्याचाही आवाज आलाच पाहिजे. आता तो मूळ आवाज आणायला खरं विमान कोण आपटणार, सांगा!