मुलाखतीची पूर्वतयारी : पाठ केलेली उत्तरे आणि स्वानुभवाचा पुरावा

प्रस्तावना

पदवीच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा जवळ आल्या की बहुतेक महाविद्यालयांतून ‘मुलाखतीला सामोरे कसे जावे’ या विषयावर एखादे व्याख्यान योजले जाते. पोशाख नीटनेटका असावा, आत येताना परवानगी घ्यावी, ताठ बसावे, नजरेला नजर द्यावी, अशा सूचना विद्यार्थी वहीत उतरवून घेतात. या सूचना चुकीच्या नाहीत. मात्र पहिल्या दोन मिनिटांनंतर त्यांचा उपयोग संपतो. त्यानंतर ‘स्वतःविषयी सांगा’ असा प्रश्न येतो आणि विद्यार्थी पाठ केलेला परिच्छेद म्हणू लागतो. आपण कष्टाळू, प्रामाणिक व सर्वांना बरोबर घेऊन काम करणारे आहोत, असे तो सांगतो. त्याच्या आधी येऊन गेलेल्या उमेदवारांनीही बहुधा तेच सांगितलेले असते.

मराठी माध्यमातून, विशेषतः ग्रामीण भागातील महाविद्यालयांतून बाहेर पडणारा विद्यार्थी मुलाखतीत मागे पडला की त्याचे खापर इंग्रजीवर फोडण्याची प्रथा आहे. हे निदान अपुरे आहे. मुलाखतीत नेमके काय तपासले जाते आणि त्याच्या तयारीचा आरंभ अध्यापकाने कोठून करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुलाखतीचे वजन

मुलाखत सर्वत्र सारखीच निर्णायक नसते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना प्रथम सांगावयास हवी. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ मधील अराजपत्रित पदांसाठी मुलाखत बंद केली. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या सामाईक लिपिक भरतीतही आता मुलाखत नाही. परिविक्षाधीन अधिकारी पदासाठी मात्र लेखी परीक्षा आणि मुलाखत यांचे प्रमाण ८० : २० असे आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण, म्हणजे सुमारे १३.६ टक्के, व्यक्तिमत्त्व चाचणीसाठी असतात.

या प्रमाणामागे न्यायालयीन इतिहास आहे. अशोक कुमार यादव विरुद्ध हरियाणा राज्य या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाच्या नागरी सेवेतील सर्वसाधारण उमेदवारांसाठी ठेवलेले २२.२ टक्के मौखिक गुण अवाजवी ठरविले आणि हे प्रमाण १२.२ टक्क्यांहून अधिक नसावे, असे सांगितले. मौखिक परीक्षा आवश्यक आहे, पण तिच्या आधारे मनमानीस वाव राहता कामा नये, हा त्यामागील विचार होता. खासगी क्षेत्राला असे बंधन नाही. तेथे पुष्कळदा सारा निर्णय अर्ध्या तासाच्या संभाषणावर होतो. त्यामुळे पूर्वतयारीची खरी गरज ज्या विद्यार्थ्याला खासगी नोकरीकडे वळावे लागते त्यालाच अधिक असते आणि तो बहुधा स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शन केंद्रापर्यंत पोहोचलेला नसतो.

मुलाखतीत काय पाहिले जाते

मुलाखत ही निवडीची फारशी विश्वसनीय पद्धत नाही, हे मानसशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एका गुणाचा प्रभाव पडला की परीक्षक इतर गुणही त्याच रंगात पाहू लागतो. या प्रवृत्तीचे वर्णन एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये केले. मराठीत तिला ‘प्रभावलय परिणाम’ म्हणता येईल. सफाईदार इंग्रजी बोलणारा उमेदवार हिशेबातही पक्का असेल, असे वाटणे हा त्यातलाच प्रकार होय.

हा दोष कमी करण्यासाठी संरचित मुलाखत पुढे आली. तीत सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारले जातात आणि उत्तरांना आधी ठरविलेल्या निकषांवर गुण दिले जातात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा प्रत्यक्ष कामगिरीशी संरचित मुलाखतीचा सहसंबंध ०.५१ आणि असंरचित मुलाखतीचा ०.३८ आढळला. पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये केलेल्या फेरमांडणीत हे आकडे अनुक्रमे ०.४२ आणि ०.१९ असे खाली आले. आकडे उतरले तरी दोहोंतील अंतर टिकून राहिले, किंबहुना वाढले.

अध्यापकाच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा भाग प्रश्नांच्या स्वरूपाचा आहे. संरचित मुलाखतीत ‘तुम्ही प्रामाणिक आहात का?’ असे कोणी विचारीत नाही. ‘हिशेबात चूक सापडली असा एखादा प्रसंग सांगा, त्या वेळी तुम्ही काय केले?’ असे विचारतात. मागील वर्तन हा पुढील वर्तनाचा अंदाज बांधण्याचा बरा आधार आहे, हे त्यामागील गृहीतक. अशा प्रश्नाला पाठ केलेला परिच्छेद लागू पडत नाही. प्रसंग, त्यातील स्वतःची जबाबदारी, केलेली कृती आणि तिचा परिणाम एवढे सांगावे लागते; आणि त्यासाठी प्रसंग मुळात आठवावा लागतो.

‘सांगण्यासारखे काही नाही’

येथेच ग्रामीण विद्यार्थी अडतो. त्याच्याजवळ प्रसंग नसतात असे नाही. ते सांगण्याजोगे आहेत हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. एक कल्पित उदाहरण पाहता येईल. वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी सकाळी महाविद्यालयात येण्यापूर्वी गावच्या दूध संस्थेत संकलनाच्या वेळी बसतो. लेखा सहायकाच्या पदासाठी तयारी करताना प्राध्यापक त्याला अनुभव विचारतात.

“अनुभव नाही, सर. पहिलीच नोकरी.”

“सकाळी दूध संस्थेत काय करतोस?”

“ते घरच्यासारखंच आहे, सर. नुसतं दूध घ्यायचं आणि लिहायचं.”

“फॅट कमी लागली म्हणून कोणी भांडलं तर?”

“रोजच भांडतात. मग त्यांच्यासमोर पुन्हा नमुना काढून यंत्राला लावतो. तरी पटलं नाही तर सचिवांना बोलावतो. पण आकडा बदलत नाही.”

“आणि दहा दिवसांनी?”

“पगारपत्रक करतो. पशुखाद्याची उचल वजा करायची असते. एकदा एकाची उचल दुसऱ्याच्या नावावर पडली होती. रात्री बसून दहा दिवसांच्या पावत्या ताडून पाहिल्या, सर.”

या चार उत्तरांत लेखा सहायकासाठी आवश्यक असलेले जवळजवळ सारे आले आहे : नोंदींतील काटेकोरपणा, कपातींचा हिशेब, ताळमेळ, संतप्त ग्राहकाशी वागणे, दबावाखाली आकडा न बदलणे. विद्यार्थ्याच्या स्वपरिचयपत्रात मात्र यातील एक शब्दही नसतो. तेथे ‘छंद : वाचन, क्रिकेट’ एवढेच असते. कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात केलेले काम, बचत गटाची वही लिहिण्यास आईला केलेली मदत, बाजार समितीत मालाच्या पट्टीवरून झालेला वाद, या सर्वांची गत हीच.

म्हणून तयारीचा आरंभ प्रश्नोत्तरांच्या पुस्तकापासून न होता जाहिरातीपासून व्हावा. पदाला कोणती कामे करावी लागतील हे जाहिरातीतून एकेक करून काढावे आणि प्रत्येक कामासमोर विद्यार्थ्याच्या आयुष्यातील एखादा प्रसंग लिहावा. जेथे प्रसंग सापडत नाही तेथे जागा कोरी ठेवावी. प्रसंग रचून सांगण्याचा मोह मोठा असतो. परंतु अनुभवी परीक्षकाच्या तिसऱ्या उपप्रश्नाला रचलेला प्रसंग टिकत नाही.

भाषेचा प्रश्न

इंग्रजीची अडचण खरी आहे, पण तिचा क्रम दुसरा आहे. काय सांगायचे हे ठरलेले नसेल तर भाषा कोणतीही असो, उमेदवार अडखळणारच. प्रसंग प्रथम मराठीत, बोलता बोलता, पूर्ण सांगून घ्यावा. नंतर विद्यार्थ्याने तो स्वतः छोट्या इंग्रजी वाक्यांत मांडावा. अध्यापकाने फक्त अर्थाला बाधा आणणाऱ्या चुका दुरुस्त कराव्यात. प्राध्यापकाने स्वतः लिहून दिलेला सुबक मसुदा विद्यार्थ्याच्या तोंडी परका वाटतो. वरील उदाहरणातील फॅट, रजिस्टर, बिल, अ‍ॅडव्हान्स हे शब्द तर तो रोज वापरतच असतो. ज्या परीक्षांत मुलाखत मराठीतून देण्याची मुभा आहे, तेथे ती घेण्यात कमीपणा नाही, हेही स्पष्टपणे सांगावे.

सराव मुलाखत

महाविद्यालयात होणारी सराव मुलाखत बहुधा समारंभासारखी असते : मान्यवर परीक्षक, पुष्पगुच्छ आणि शेवटी ‘छान, आत्मविश्वास वाढवा’ असा अभिप्राय. आत्मविश्वास वाढवा या सल्ल्याने कोणाचा आत्मविश्वास वाढल्याचे दिसत नाही. त्याऐवजी वेगवेगळ्या विभागांतील दोन-तीन अध्यापकांनी सर्वांना तेच पाच-सहा प्रश्न विचारावेत, प्रत्येकाने स्वतंत्रपणे गुण मांडावेत आणि नंतरच चर्चा करावी. प्रत्येक उत्तरानंतर ‘मग तू काय केलेस?’ हा एक उपप्रश्न आवर्जून यावा. एकाच विद्यार्थ्याची अशी मुलाखत दोन-तीनदा झाल्याखेरीज फरक पडत नाही; मोठ्या वर्गाला ते शक्य नसल्यास विद्यार्थ्यांनाच एकमेकांचे परीक्षक करावे. प्रश्न विचारणाऱ्यालाही त्यातून पुष्कळ कळते.

विद्यार्थिनींच्या बाबतीत एका प्रश्नाचा सराव वेगळा करावा लागतो. लग्न केव्हा करणार, लग्नानंतर नोकरी सोडणार का, असे प्रश्न अजूनही विचारले जातात. भरतीत लिंगभेद करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती मनाई आहे. शासकीय नोकरीच्या बाबतीत संविधानाचा अनुच्छेद १६ आहेच. तथापि समोर बसलेल्या मुलीला त्या क्षणी कायद्याचा उपयोग थोडाच होतो. ‘या पदासाठी आवश्यक तेवढा वेळ व प्रवास मी करू शकते’ असे शांतपणे सांगून विषय कामाकडे वळविणे तिला जमले पाहिजे. असा प्रश्न गैर आहे, हे तिच्या अध्यापकांनी तिला आधीच सांगितलेले असेल तर तिला स्वतःचीच काही चूक झाल्यासारखे वाटत नाही.

ही सारी तयारी अंतिम वर्षाच्या शेवटच्या महिन्यात उरकता येत नाही, कारण प्रसंग विसरले जातात. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांकडून दोन वर्षांत २४० तासांचे काम अपेक्षित असते आणि त्याची नोंदवही ठेवली जाते. सध्या तीत बहुधा तारीख, तास आणि ‘वृक्षारोपण केले’ एवढेच आढळते. त्याच पानावर कोणती अडचण आली, कोणी काय केले आणि खड्डे कमी पडले तेव्हा रोपांचे काय झाले, या दोन-तीन ओळी पहिल्या वर्षापासून लिहून घेण्यास वेगळा निधी लागत नाही.